रानात भेकर टिकावं असं वाटत असेल तर

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत एकही अभयारण्य नाही. फणसाड आहे ते तिकडे मुरूड-रोह्याच्या बाजूला, कोयना घाटमाथ्यापलीकडे. तरीही पाचाडहून रायगडवाडीकडे जाताना किंवा सांदोशीच्या खोऱ्यात उतरताना डोंगरउतारावर जे रान दिसतं, ते रिकामं नाही. त्यातलं काही वनखात्याचं, पण बरंचसं सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाचं आहे. बहुधा चार चुलत भावांच्या, आणि त्यातले तीन मुंबईला. आजोबांनी त्या वरकसात नाचणी-वरी केली, वडिलांनी गवत कापलं, आणि नंतर कुणी फिरकलं नाही म्हणून तिथे ऐन, किंजळ, कारवी माजली. भेकर अशाच रानात राहतं. म्हणजे ते राहणार की जाणार, हे ठरवणारा माणूस इथे बहुतेक वेळा वनाधिकारी नसतो, सामाईक खातेदार असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. आणि त्याच्या शेजाऱ्यासाठीही, ज्याच्या माळ्यावर अजून ठासणीची बंदूक आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हरीण म्हटलं की डोळ्यांपुढे चितळांचा कळप येतो, ताडोबा-नागझिऱ्याच्या फोटोतला. आपल्याकडच्या डोंगरात तसं काही शोधायला जाऊ नये. भेकर एकांडं जनावर आहे. दोन दिसली तर ती आई आणि पाडस, नाहीतर नर-मादीची तात्पुरती जोडी. सांबर घाटाच्या अंगाला, जावळी-महाबळेश्वरच्या बाजूच्या दाट रानात. मादी-पिल्लांची छोटी टोळी, नर वेगळा. तिसरी पिसोरी. सशाएवढी, तीनेक किलोची, पाठीवर पांढरे ठिपके-पट्टे, शिंगं नाहीतच. शास्त्राच्या हिशेबात ती खरं हरीणही नव्हे, आणि रात्रीची फिरणारी असल्यामुळे गावात जन्म गेलेल्या माणसानेही तिला फार तर एक-दोनदा पाहिलेलं असतं.

कळप नाही, म्हणून ‘जनावर भरपूर आहे की कमी’ हे नुसत्या नजरेने कळत नाही. आणि ‘परवा तर दिसलं होतं, आहेत की अजून’ या एका वाक्यावर कितीतरी रानं रिकामी झाली. भेकराची मादी साधारण सात महिने गाभण राहते आणि एकच पाडस देते. विणीचा ठरावीक हंगाम नाही, त्यामुळे बाराही महिन्यांत कुठली ना कुठली मादी गाभण असते किंवा तिच्यामागे दूध पिणारं पाडस असतं. समजा, एका खोऱ्यात सहा माद्या आहेत. वर्षाला सहाच्या आसपास पाडसं झाली. बिबट्या, रानकुत्री, गावची कुत्री आणि पाऊस यांतून दोन-तीन वाचली. त्याच वर्षी माणसांनी चार जनावरं उचलली, तर खोऱ्याचा हिशेब तिथेच तोट्यात गेला. तो तोटा चार-पाच वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण अधूनमधून एखादं दिसतच राहतं.

मोजायचं असेल तर खुणा वाचा. पावसाळ्याच्या आरंभी आणि शेवटी, ओढ्याकाठच्या ओल्या मातीत सकाळी लवकर एक फेरी. भेकराचा खूर दीड इंचाच्या आसपास, पुढे निमुळता, दोन पाकळ्यांचा. मोठ्या खुराशेजारी अर्ध्या आकाराचा खूर सतत दिसत असेल तर रान बरं आहे. नुसते मोठेच खूर दिसत असतील तर पाडसं जगत नाहीत, हे समजा. दुसरी खूण फुटव्यांवर सापडते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते कोंब खालच्या दातांनी धरून हिसका देतं, त्यामुळे डहाळीचं टोक फाटलेलं, धागे निघालेलं दिसतं. सशाने खाल्लेली डहाळी सुरीने तिरपी छाटल्यासारखी स्वच्छ असते. बांधावरच्या काजूचे शेंडे कुणी खाल्ले हा वाद याच खुणेवर सुटतो. तिसरी खूण कानाची. तिन्हीसांजेला भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, पण एका जागेवरून, एकेक, सावकाश. कुठल्या कुशीत ते ऐकू येतं आणि कुठल्या कुशीत बंद झालं, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांची अशी वही वनरक्षकालाही उपयोगी पडते.

शिकारीला माणूस जातो कशाला

‘शिकारी’ हा एकच माणूस धरून चाललं की सगळे उपाय चुकतात. आपल्या भागात निदान चार वेगळी माणसं या एका नावाखाली येतात, आणि चौघांचं कारण वेगळं.

पहिला हाक्याचा माणूस. भात झोडून झालं, कामं सैल पडली, की वाडीतले पंचवीस-तीस जण जमायचे. शिमग्याला चाकरमानी आले की आणखी भर. देवाला नारळ, मग जाणती दोन-तीन माणसं रान वाटून द्यायची: हाकारे खालून, कुत्री मधून, बंदुका वरच्या वाटांवर. या शिकारीचा शेवट नीट पाहिला तर तिचं कारण कळतं. जनावर पऱ्ह्याच्या कडेला आणतात, सागाची पानं अंथरतात आणि वाटे घालतात. नियम गावागणिक वेगळे, पण साधारण असे, की बार लावणाऱ्याचा जादा मान, मग प्रत्येक हाकाऱ्याला सारखा वाटा, बंदुकीचा वाटा, कुठे कुठे कुत्र्यांचाही. आता हिशेब करा. वीस-बावीस किलोच्या भेकराचं मटण फार तर दहा-अकरा किलो. तीस वाटे पडले तर एकेकाच्या हातात साडेतीनशे ग्रॅम. दिवसभर कारवीतून अंग खरचटून घेतलं, एक रोज बुडाला, तो साडेतीनशे ग्रॅम मटणासाठी नक्कीच नाही. महाडच्या बाजारात तेवढ्या वेळात कितीतरी जास्त मिळालं असतं. पाचाडच्या अंगाच्या एका वाडीतल्या जुन्या हाकाऱ्याला हे बोलून दाखवलं तर तो हसला. “मटणाचं काय घेऊन बसलात दादा! कोण कुठं उभा राहील हे मी सांगायचो. आता मला कोण विचारतं?”

त्याच्या उत्तरात खरं कारण आलं. सोबत, जाणतेपणाचा मान, आणि वर्षातून एकदा सगळी वाडी एका कामाला लागल्याचा आनंद. यातली एकही गोष्ट भेकर मेल्याशिवाय मिळणार नाही अशी नाही. पुढे त्याकडे परत येऊ.

दुसरा माणूस शेत राखणारा. त्याला शिकारीची हौस नाही, राग आहे. रात्रभर माचावर बसून नाचणी राखली, आणि पहाटे डोळा लागला तेवढ्यात अर्धं वावर उलथलं. हे काम बहुतेक वेळा रानडुकराचं असतं, पण त्या रागात बार समोर येईल त्याच्यावर निघतो, आणि भेकर डुकराहून सोपं असतं. या माणसाला निसर्गप्रेमावर भाषण देणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याला भरपाई आणि कुंपण हवं आहे.

तिसरा बॅटरीवाला. रात्री मोटारसायकल नाहीतर जीप, डोक्याला झगझगीत बॅटरी, सोबत शहरातला पाहुणा. उजेडात डोळे चमकले की बार. नर-मादी, गाभण, पाडसाची आई, काही पाहायचं नाही. जुने हाकेवालेसुद्धा याला शिकार म्हणत नाहीत. यात पैसा आहे, मटण विकलं जातं, व्हिडिओ काढले जातात. याला समजावण्यात वेळ घालवू नये. गाडीचा नंबर घ्यावा आणि वनखात्याला कळवावं.

चौथा फासकी लावणारा. तो कधीच दिसत नाही. बहुतेकदा डुकरासाठी किंवा सशासाठी लावतो, पण फासकीला जात कळत नाही. ज्या वाटेने डुक्कर जातं त्याच वाटेने भेकर, कुत्रं, वासरू आणि बिबट्याही जातो.

इथे एक सांगून ठेवायला हवं. जनावर कमी झालं की बोट चटकन कातकरी वाडीकडे जातं. खेकडे, मासे, घुशी, ससे यांवर ज्याचं पोट वर्षातले काही महिने चाललं त्याला दोष देणं सोपं, कारण तो उलट बोलत नाही. पण काडतुसाची बंदूक, जीप आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टी कुणाकडे असतात, याचा विचार केला तर बोट दुसरीकडे वळेल.

परदेशी हरणाचा दाखला

मुंबई-पुण्याहून इकडे जमीन घेतलेले काही सुशिक्षित लोक एक मुद्दा मांडतात: अमेरिकेत शिकारीच हरणं वाचवतात, मग आपल्याकडे का नाही? मुद्दा अगदीच खोटा नाही. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीचं हरीण पाच लाखांच्या आत आलं होतं. आज ते अडीच-तीन कोटींच्या घरात आहे. हंगाम ठरवून दिला, परवाना लावला, किती माद्या मारायच्या हे ठरवलं, आणि १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. शेतमालक स्वतःच्या जमिनीत हरणासाठी चारा पेरतात, झाडोरा राखतात. त्यांची अडचण आज उलटी आहे. लांडगे बहुतेक भागातून संपवलेले, त्यामुळे हरणं इतकी वाढली की जंगलातली रोपं वर येईनात. अॅरिझोनातल्या कायबाब पठारावर १९२०च्या दशकात हेच झालं होतं. हिंस्र जनावरं मारली, हरणं बेसुमार वाढली, पाला संपला आणि हजारो उपासमारीने मेली.

आपली परिस्थिती तशी नाही. बिबट्या इथे आहे, रानकुत्री फिरतात. भेकर वाढून रान खाऊन टाकेल अशी भीती निदान महाड-पोलादपुरात कुणी धरू नये. शिवाय किती मारली तर चालतील हे सांगायला आधी किती आहेत हे माहीत हवं, आणि तो आकडा एकाही वाडीकडे नाही. त्यामुळे अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर बंदूक बाजूला ठेवून जमीन सांभाळण्याची रीत घ्यावी.

आणि कायदा याबाबत गुळमुळीत बोलत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. कलम ९ने शिकारीला बंदी, आणि शिकारीच्या व्याख्येत हाकणं, फास लावणं, आमिष ठेवणं आणि नुसता प्रयत्न करणं हेही येतं. म्हणजे ‘मी बार नाही लावला, फक्त ओरडत होतो’ हा हाकाऱ्याचा बचाव चालत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल तर तीन ते सात वर्षं. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा सशासाठी लावलेल्या फासकीत तो अडकला तर सात वर्षांपर्यंतचं प्रकरण होऊ शकतं. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, हे परवानाधारकांपैकी कितीतरी जणांना आजही पटत नाही. दोषी ठरल्यावर न्यायालय तो परवाना रद्द करू शकतं आणि पुढची पाच वर्षं नवा मिळत नाही.

आधी शेतकऱ्याचं

राग राहिला तर बंदूक राहील, म्हणून सुरुवात इथून करावी. भेकर, डुक्कर, गवा, माकड यांनी पिकाचं नुकसान केलं तर राज्य सरकारकडून भरपाई मिळते. ती न मिळण्याचं मुख्य कारण उशीर. नुकसान दिसलं त्याच दिवशी, फार तर तीन दिवसांत, वनखात्याकडे अर्ज गेला पाहिजे. आधी फोटो काढा: एक पिकाचा, एक खुरांचा किंवा विष्ठेचा, एक असा की ज्यात मागे ओळखीचं झाड किंवा घर दिसेल. पंचनामा होईपर्यंत वावर साफ करू नका. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र आधीच तयार ठेवा. मुंबईच्या भावाची सही आणायला आठवडा जातो आणि तेवढ्यात पंचनाम्याला काही उरत नाही. गावातला कुणी तरुण हे अर्ज भरून देणारा म्हणून ठरला तर निम्मा राग तिथेच कमी होतो.

कुंपणात स्वस्तातला उपाय जुन्या साड्यांचा. आपल्याकडे तो सगळीकडे दिसतो, पण लोक साडी एकदा बांधतात आणि हंगामभर तशीच ठेवतात. जनावराला तिची सवय होते. दर आठ-दहा दिवसांनी जागा बदलली, थोडी सैल सोडून वाऱ्यावर हलू दिली, तर जास्त दिवस चालते. चार शेजाऱ्यांनी मिळून सौर कुंपण घेतलं तर उत्तम. त्यात झटका क्षणाक्षणाने येतो, जनावर मागे हटतं, मरत नाही. घरच्या लाईनवरून तारेत सोडलेला प्रवाह वेगळा. त्याने डुक्कर मरतं तसाच पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारीही मरतो. आणि तो सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होऊ शकतो. डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात ठेवतात त्या गावठी बॉम्बचंही तेच. त्याने जबडा फाटलेली गाय एकदा पाहिली की पुन्हा कुणी त्याची बाजू घेत नाही.

मग रानाचं

वणवा ही या डोंगरांची सगळ्यात मोठी कीड आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत रात्री रायगडाच्या आजूबाजूचे डोंगर पाहिले तर आगीच्या रेघा दिसतात. जाळलं की गवत चांगलं फुटतं, असं पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं आहे. कोवळं गवत लवकर दिसतं हे खरं, पण त्याबरोबर जांभूळ, हिरडा, आवळा यांची एक-दोन वर्षांची रोपं जातात, पालापाचोळ्याचा थर जातो आणि पहिल्या पावसात उघडी माती पऱ्ह्यातून वाहून जाते. भेकर गवतावर जगणारं जनावर नाही. ते पडलेली फळं, कोवळी पानं, फुलं, कोंब वेचून खातं आणि दिवसा झुडपात दडून बसतं. जळलेल्या उतारावर त्याला खायलाही नाही आणि लपायलाही नाही. ते ओढ्याकाठच्या उरलेल्या पट्ट्यात गोळा होतं, आणि शिकाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. काही वणवे त्यासाठीच लावले जातात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

काही वणवे मात्र आपल्याच राबातून सुटतात. राब भाजायचाच असेल तर सकाळी वारा पडलेला असताना, भोवती पाच-सहा हात जागा झाडून, पाण्याचे दोन हंडे आणि हिरवे टहाळे हाताशी ठेवून, आणि पूर्ण विझेपर्यंत माणूस तिथे बसवून. दुपारी जेवायला जाताना पेटता सोडलेला राब संध्याकाळी डोंगरावर पोचतो.

जाळरेषा काढायची ती जानेवारीअखेर, गवत पिवळं पडल्यावर पण वारे सुटण्याआधी. दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा, रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेने, गवत कापून, पाला आत ओढून. मालकी हद्दीवरून वाद असेल तर रेष हद्दीवरच काढा. वाद राहील, रान वाचेल. वनहद्दीला लागून असेल तर वनरक्षकाला आधी सांगा.

आता तो जुना हाकारी. जाळरेषेला लागतो तो जमाव हाक्याचाच आहे: पंचवीस-तीस माणसं, एक दिवस, डोंगराची माहिती असलेला एक जण सांगणारा, आणि शेवटी एकत्र जेवण. वारा कुठून फिरतो, कुठल्या खिंडीतून आग वर चढते, कोण कुठे उभा राहिला पाहिजे, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. बोलवायचं त्याला, आणि पुढे करायचंही त्यालाच. जेवणात कोंबडी असावी. शाकाहारी भोजन ठेवून हाक्याची भरपाई होणार नाही, हे मी अनुभवाने नाही तरी अकलेने सांगू शकतो. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असलेल्या गावात हे काम समितीच्या नावाने करावं, म्हणजे कागदावरही राहतं.

पाणी. इथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मार्चमध्ये ओढे कोरडे होतात, ही आपली जुनी गंमत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, धार वाहती असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घाला. मोठा एक घालण्यापेक्षा छोटे चार वेगवेगळ्या कुशींत घालणं बरं, कारण एकाच पाणवठ्यावर सगळी जनावरं आली की नेम धरणाऱ्याचं काम सोपं होतं. गाडीरस्त्यापासून दूर घाला. एक काठ उतरता ठेवा, उभ्या सिमेंटच्या टाक्यात पाडस पडलं तर बाहेर येत नाही. आणि उन्हाळ्यात डोहात मासे धरायला ब्लिचिंग पावडर किंवा औषध टाकतात, ते गावाने ठरवून बंद करायला हवं. तेच पाणी रात्री भेकर पितं, सकाळी गुरं.

झाडं लावायची तर उंबर, पायर, जांभूळ, आवळा, बेहडा, भोकर. खरं तर लावण्यापेक्षा राखणं स्वस्त. आपल्या मातीत खोडवा दोन पावसांत डोक्यावर जातो, फक्त आग आणि कुऱ्हाड लांब ठेवायची. तोडीचा माल विकायचाच असेल, आणि घरात लग्न-आजारपण असलं की विकावा लागतोच, तर ठेकेदाराशी बोलणं करताना तीन गोष्टी लेखी घ्या: पऱ्ह्याच्या दोन्ही काठांचा पट्टा तोडायचा नाही, फळझाडं सोडायची, आणि सगळा डोंगर एका वर्षी न तोडता कुशी पाडून तोडायचा. तोडीची परवानगी घेतलेली आहे का, तेही पाहा. ठेकेदार भाव थोडा पाडेल. पाडू दे.

कुत्र्यांबद्दल पाचाडकरांना वेगळं सांगावं लागेल. रायगडावर वर्षभर माणसांचा राबता, जूनमध्ये राज्याभिषेक दिनाला तर रीघ. खानावळींमागे टाकलेल्या उष्ट्यावर कुत्र्यांची फौज पोसली जाते, आणि गर्दी ओसरली की तीच टोळी रानात शिरते. चार-पाच कुत्र्यांनी मिळून भेकर दमवून पाडायला अर्धा तास पुरतो, पाडसाला पाच मिनिटं. उष्टं झाकून खड्ड्यात घालणं आणि कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणासाठी ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करणं, ही दोन कामं बंदूकबंदीइतकीच महत्त्वाची आहेत. गुरं रानात चरायला जात असतील तर लाळ्या-खुरकुताची लस चुकवू नका. तो रोग हरणांनाही होतो.

आणि फासक्या. पावसाळा संपला की आपल्या हद्दीतून दोघा-तिघांनी मिळून एक फेरी मारायची. फासकी दिसते कशी? गाडीच्या क्लचची किंवा ब्रेकची बारीक तार, गंजून मातीच्या रंगाची झालेली, जनावराच्या वाटेवर गुडघ्याच्या आसपास. तार सहसा आधी दिसत नाही. दिसतात त्या दोन्ही बाजूंना मुद्दाम टाकलेल्या काट्याच्या फांद्या, ज्या जनावराला मधल्या फटीतून जायला लावतात. रानात कुठेही अशी ‘दारं’ दिसली की थांबा. रिकामी असेल तर फोटो काढून, जागा टिपून वनरक्षकाच्या हवाली करा. जनावर अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका, बिबट्या असेल तर मुळीच नाही. गर्दी हटवा आणि १९२६ या वनखात्याच्या मोफत क्रमांकावर कळवा.

मेलेलं भेकर सापडलं तर ते सरकारी मालमत्ता असतं, त्याचं मटण करणं हाही गुन्हाच. सांबराचं गळून पडलेलं शिंग भिंतीवर लावायला घरी आणू नये. आणि पाडस. जून-जुलैत गवत काढताना किंवा गुरांमागे जाताना झुडपात एकटंच निपचित बसलेलं पाडस सापडतं, आणि ‘आई टाकून गेली’ म्हणून कुणीतरी उचलून घरी आणतं. आईने टाकलेलं नसतं. ती त्याला लपवून चरायला गेलेली असते आणि दिवसातून काही वेळाच पाजायला येते. गाईचं दूध पाजलं की त्याला हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत ते मरतं. हात लावू नका, कुत्रं आवरा, जागा सोडा. कुणी आधीच उचललं असेल तर वेळ न घालवता वनरक्षकाला फोन करून, त्याच्या सांगण्याप्रमाणे, जिथून आणलं तिथेच नेऊन ठेवा.